शेतातील कुटी : शहरी पाहुण्याचा विसावा आणि शेतकऱ्याचा पूरक व्यवसाय

शुक्रवारची संध्याकाळ झाली की मुंबईहून कसारा घाटाकडे, पुण्याहून मुळशी-मावळाकडे, बंगळूरूहून कोडगू आणि वायनाडकडे, दिल्लीहून कुमाऊँच्या डोंगरांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर वाहनांच्या रांगा लागतात. आठवडाभराचा प्रवास, कार्यालयातील ताण आणि रात्री उशिरापर्यंत डोळ्यांसमोर राहणारा मोबाईलचा पडदा यांनी थकलेली ही माणसे दोन दिवसांपुरते झाड, पाणी आणि मोकळे आकाश शोधत निघालेली असतात. त्यांच्या या गरजेतूनच रस्त्यालगतच्या शेतांत लाकडी केबिन, बांबूच्या कुट्या, तंबू आणि काचेची त्रिकोणी घरे गेल्या काही वर्षांत भराभर उभी राहिली आहेत. त्यांपैकी काही निवासांनी शेतकरी कुटुंबाला खरा आधार दिला. काही ठिकाणी मात्र शेत पडीक झाले, कर्ज तेवढे उरले, आणि रात्री अकरा वाजता बांधापलीकडून ध्वनिक्षेपक ऐकू येऊ लागला. ज्या गोंगाटाला कंटाळून पाहुणा आला, तोच त्याला शेतात येऊन भेटला.

हा व्यवसाय सुरू करू पाहणारा शेतकरी बहुधा 'किती खोल्या बांधाव्यात' येथून सुरुवात करतो. त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे. या शेतात असे काय आहे की ज्यासाठी माणूस शंभर-दीडशे किलोमीटर येईल, आणि ते किती पाहुण्यांपर्यंत शाबूत राहील? या प्रश्नाच्या उत्तरावर खोल्यांची संख्या ठरते आणि कर्जाचा आकडाही.

पाहुणा नेमके काय घेऊन जातो

निसर्गाच्या सान्निध्यात मन शांत होते, हे सांगायला संशोधनाची गरज नाही असे कोणी म्हणेल. तरीही संशोधनाने काही उपयुक्त बारकावे दाखविले आहेत. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. जपानच्या वनविभागाने १९८२ मध्ये 'शिनरिन-योकू', म्हणजे वनस्नान, ही संकल्पना लोकांपुढे ठेवली. त्यात जंगलात सावकाश चालणे आणि बसणे, एवढेच अपेक्षित असते. रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने मांडलेला विचार विस्तार कार्यकर्त्यांना विशेष उपयोगी पडावा. प्रयत्नपूर्वक एकाग्र करावे लागणारे लक्ष दिवसभरात थकते. पानांची सळसळ, वाहते पाणी, ढगांची हालचाल अशा गोष्टी मनाला ओढून न धरता गुंतवतात आणि तेवढ्यात त्या थकलेल्या लक्षाला विश्रांती मिळते, असे ते सांगतात. इंग्लंडमधील सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०१९ च्या अभ्यासात आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गात घालविणाऱ्यांनी आपले आरोग्य आणि समाधान अधिक चांगले असल्याचे नोंदविले होते. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण दिशा कळते.

व्यवसायाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. पाहुण्याला पाण्याची घसरगुंडी, कृत्रिम धबधबा आणि सेल्फी काढण्याचे रंगीत पंख यांची गरज नसते. अमेरिकेत २०१५ मध्ये बोस्टन शहराजवळ सुरू झालेल्या 'गेटअवे' या उपक्रमाने शहरापासून सुमारे दोन तासांच्या अंतरावर जंगलात छोट्या केबिन ठेवल्या. पलंगालगत मोठी खिडकी दिली, वाय-फाय दिले नाही, आणि मोबाईल बंद करून ठेवायला एक पेटी दिली. हे जसेच्या तसे उचलण्याचे कारण नाही. भारतातील पाहुणा सहसा कुटुंबासह येतो, त्याला गरम जेवण हवे असते आणि आजीला पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय हवे असते. मात्र खिडकी कोणत्या दिशेला उघडते यावर केबिनची किंमत ठरते, हा धडा येथेही लागू पडतो. भातखाचराकडे उघडणारी खिडकी आणि वाहनतळाकडे उघडणारी खिडकी बांधायला खर्च सारखाच येतो.

शेती आधी, पाहुणा नंतर

इटलीने कृषी पर्यटनासाठी १९८५ मध्येच स्वतंत्र कायदा केला आणि २००६ मध्ये तो नव्याने लिहिला. त्या कायद्याचा गाभा असा की, पाहुण्यांची व्यवस्था शेतीशी जोडलेली असावी आणि शेती हाच मुख्य उद्योग राहावा. मुख्य काय हे ठरविताना केवळ उत्पन्न पाहिले जात नाही. कोणत्या कामाला किती श्रमवेळ जातो याकडे लक्ष दिले जाते. दहापर्यंत पाहुण्यांची राहण्या-जेवण्याची सोय करणाऱ्याची शेतीच मुख्य आहे असे तो कायदा गृहीत धरतो. दहा हा आकडा भारतात बंधनकारक नाही. पण एका कुटुंबाला शेती सांभाळून किती माणसे नीट पाहता येतात याचा अंदाज बांधण्यासाठी तो वाईट नाही.

महाराष्ट्रात या क्षेत्राची संघटित सुरुवात २००५ मध्ये बारामतीजवळील माळेगाव येथे पांडुरंग तावरे यांनी सुरू केलेल्या कृषी पर्यटन केंद्रापासून मानली जाते. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची सोय त्यातून झाली. हिमाचल प्रदेशाने २००८ पासून आणि उत्तराखंडाने २०१८ पासून घरगुती निवासासाठी योजना राबविल्या. केरळमध्ये कुमरकोम येथे २००८ च्या सुमारास 'जबाबदार पर्यटना'चा प्रयोग झाला, त्यात हॉटेलांना लागणारा भाजीपाला स्थानिक शेतकरी आणि महिला गटांकडून घेण्यावर भर होता. प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत. त्यामुळे शेजारच्या राज्यातील मित्राच्या अनुभवावर परवानगीचा अंदाज बांधू नये.

जागा पावसाळ्यात पाहावी

कुटीची जागा बहुतेक वेळा डिसेंबर-जानेवारीत निवडली जाते. हवा सुखद असते, दरीचे दृश्य स्वच्छ दिसते आणि कड्याच्या टोकाची सपाट जागा मनात भरते. हीच जागा जुलैमध्ये कशी असते हे पाहिल्याशिवाय तेथे एक खांबही रोवू नये. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी आणि ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमधील मुंडक्कै-चूरलमला येथे जे घडले, ते या व्यवसायातील प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवे. तेथे राहणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्या डोंगरांना ओळखत होती. दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा अंधारात वाट कोणती हेसुद्धा जाणत नाही, आणि त्याच्या जिवाची जबाबदारी यजमानावर असते.

उतार कापून सपाटी करणे ही सर्वांत मोठी चूक. जेसीबीने अर्ध्या दिवसात कापलेला उतार वरच्या मातीचा आधार काढून घेतो, आणि खाली ढकललेली सैल भर पहिल्याच जोरदार पावसात पाणी पिऊन जड होते. जुन्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतीत बांध, चर आणि पाण्याच्या वाटा यांची एक व्यवस्था असते. रस्ता किंवा जोते घालताना ती मोडली की पाणी स्वतःची नवी वाट काढते. कोरडा दिसणारा ओढ्याचा काठ, दोन टेकड्यांमधील घळ, उभ्या कड्याचा पायथा आणि मोठे दगड विखुरलेले पठार टाळावे. मोठे दगड तेथे कधीतरी वरूनच आलेले असतात. जमिनीत नव्याने पडलेल्या भेगा, एका बाजूला कललेली झाडे व खांब, अचानक फुटलेले झरे, एरवी स्वच्छ असणाऱ्या झऱ्याचे गढूळ पाणी, दारे-खिडक्या अडकू लागणे ही जमीन सरकण्याची लक्षणे होत. त्यांपैकी एकही दिसले तर पाहुण्यांनाच नव्हे, घरच्या माणसांनाही तेथून हलवावे आणि तहसील कार्यालयाला कळवावे. हवामान विभागाचा लाल इशारा असेल त्या दिवशीचे आरक्षण रद्द करून पैसे परत द्यावेत. तो तोटा सोसायचा हे आधीच ठरवून ठेवले म्हणजे त्या वेळी मन डळमळत नाही.

जागेविषयी आणखी एक गोष्ट, जी नकाशात दिसत नाही. दोन कुट्यांमध्ये इतके अंतर किंवा इतकी झाडी असावी की एका अंगणातील बोलणे दुसऱ्या अंगणात शब्दशः ऐकू येऊ नये. हे प्रत्यक्ष दोन माणसे उभी करून पाहावे. मोठ्या आंब्याच्या सावलीत कुटी बांधण्याचा मोह होतो, पण वाळलेल्या फांद्या आणि वादळ यांचा विचार करून खोडापासून पुरेसे अंतर ठेवलेले बरे.

भिंत, छप्पर, पाणी आणि शौचालय

समाजमाध्यमांवर लोकप्रिय झालेले काचेचे त्रिकोणी घर सह्याद्रीच्या हवामानाला फारसे मानवत नाही. एप्रिलमध्ये ते तापते, जुलैमध्ये त्याच्या लाकडाला बुरशी धरते. घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे उघड्या पत्र्यावर कोसळणाऱ्या सरींचा आवाज इतका असतो की शांततेसाठी आलेला पाहुणा रात्रभर जागा राहतो. ज्या प्रदेशात जे टिकले तेच तेथे बांधावे. कोकणात जांभ्याचे चिरे आणि मंगळूरी कौले, डोंगरी भागात दगडी जोत्यावर कारवीचा कूड आणि शेणमातीचा गिलावा, कोडगूत कॉफीच्या बागेतील उतरत्या कौलारू छपरांची घरे. पत्रा घालायचाच असेल तर त्यावर गवताचा थर शाकारावा.

बांबू स्वस्त आणि देखणा असला तरी त्याची निवड काळजीपूर्वक करावी लागते. तीन वर्षांहून अधिक वयाचे पक्व बांबू पावसाळा सरल्यावर तोडावेत. कोवळ्या बांबूत पिष्टमय पदार्थ व ओलावा अधिक असल्याने त्याला भुंगा लवकर लागतो. बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स यांच्या द्रावणाची प्रक्रिया परिणामकारक आहे, परंतु हे क्षार पावसाच्या पाण्याने धुऊन जातात. म्हणून छपराच्या वळचणी रुंद ठेवाव्यात आणि बांबूचा पाय मातीत न गाडता दगडी किंवा काँक्रीटच्या बैठकीवर टेकवावा. वनेतर जमिनीवरील बांबू २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन अधिनियमातील 'वृक्ष' या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे स्वतःच्या बांधावरील बांबू वापरणे आता सुकर झाले आहे.

पाण्याचा हिशेब मात्र कठोरपणे करावा. शहरी पाणीपुरवठा योजना दरडोई दररोज १३५ लिटर धरून आखल्या जातात. जल जीवन अभियानात ग्रामीण कुटुंबासाठी हे प्रमाण ५५ लिटर आहे. शहरी सवयीचे चार पाहुणे दिवसाला ५०० लिटरहून अधिक पाणी वापरू शकतात. हा आकडा ऑक्टोबरमध्ये कोणाला टोचत नाही. एप्रिल-मे महिन्यांत, गावातील बायका टँकरभोवती हंडे घेऊन उभ्या असताना, शेजारच्या शेतात पोहण्याचा तलाव भरलेला असेल तर तो निवास कायद्याने योग्य असला तरी गावात टिकत नाही. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, तेथे पाणी साठवण्याची सोय आधी करावी, नाहीतर ते दोन महिने निवास बंद ठेवावा.

शौचालयासाठी दोन शोषखड्ड्यांची पद्धत लहान निवासाला पुरेशी आहे. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करून पहिल्यातील मैला किमान दीड-दोन वर्षे मुरू द्यावा. खड्डे विहिरीपासून दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला असावेत. भूजल पातळी वर असलेल्या किंवा पाणी न मुरणाऱ्या काळ्या जमिनीत ही पद्धत चालत नाही, तेथे अभियंत्याचा सल्ला घ्यावा. फिनाईल व तीव्र आम्ल ओतल्याने खड्ड्यातील जिवाणू मरतात, हे स्वच्छता करणाऱ्याला समजावून सांगावे लागते. न्हाणीचे पाणी कर्दळीच्या वाफ्यातून केळीला सोडता येते.

सापाचा विषयही बांधकामाशीच निगडित आहे. गवताची गंजी, लाकडांचा ढीग आणि धान्याची कणगी कुटीजवळ असेल तर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला तिचा दंश होण्याच्या घटना अधिक घडतात. त्यामुळे उंच पलंग, गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी आणि दारालगत विजेरी ही सजावट नव्हे, आवश्यकता होय. सर्पदंशावरील प्रतिविष जवळच्या कोणत्या रुग्णालयात उपलब्ध असते याची खातरजमा दरवर्षी पावसाळ्यापूर्वी करून तो पत्ता आणि १०८ हा क्रमांक भिंतीवर लावावा.

स्वयंपाकघरातील न दिसणारा खर्च

प्रकल्प अहवालात सर्व काही असते, फक्त घरातील स्त्रीचे श्रम नसतात. चुलीवरची नाचणीची भाकरी, वरईचा भात, रानभाजी आणि खर्डा यांची जाहिरात होते; पण पहाटे चारला उठून ते करणारी व्यक्ती रविवारी दुपारी चादरी धुते आणि सोमवारी आवणीला जाते. अशा घरात दोन वर्षांत थकवा येतो आणि मग आचारी ठेवला जातो, पनीर येते, आणि पाहुण्याला हायवेवरच्या ढाब्याचे जेवण शेतात मिळू लागते. यावर उपाय दोन. पहिला, जेवणाचे पैसे स्वतंत्र धरून ते थेट स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या बँक खात्यात जमा करणे. दुसरा, काम वाटून घेणे.

लडाखमध्ये हिमबिबट्याच्या संवर्धनासाठी काम करणाऱ्या संस्थेने या शतकाच्या सुरुवातीला गावांतील घरांत पाहुणे ठेवण्याची पद्धत घालून दिली. तेथे व्यवस्थेचा भार व उत्पन्न प्रामुख्याने स्त्रियांकडे असते, पाहुणे घराघरांत पाळीने दिले जातात आणि उत्पन्नाचा काही भाग गावाच्या संवर्धन निधीत जातो. अकोले तालुक्यातील पुरुषवाडीतही गावाने मिळून पाहुणे सांभाळण्याची रीत रुजली आहे. पाळीची पद्धत गावातील मत्सर कमी करते हा लाभ वेगळाच. एकाच घरासमोर गाड्या थांबू लागल्या की रस्ता, पाणी आणि पार्किंग यांवरून भांडणे होतात हे कोणत्याही गावातील माणसाला सांगावे लागत नाही.

दोन कुट्या की सहा?

आता हिशेब. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या भागातील दर घालून तो पुन्हा करावा. वर्षात शुक्रवार आणि शनिवारच्या मिळून १०४ रात्री असतात. समजा, दोन कुट्या, शौचालये, पाणी आणि वाट यांवर १२ लाख रुपये खर्च आला. दोघांच्या जेवणासह एका रात्रीचा दर ३,००० रुपये आणि त्यातून अन्न, धुलाई, मजुरी व दलाली वजा जाता १,६०० रुपये उरतात असे मानू. सुट्टीच्या १०४ रात्रींपैकी निम्म्या, म्हणजे ५२ रात्री, दोन्ही कुट्या गेल्या आणि इतर दिवशी वर्षभरात ४० मुक्काम मिळाले, तर एकूण मुक्काम १४४ आणि शिल्लक २,३०,४०० रुपये. पूर्ण रक्कम १० टक्के व्याजाने कर्जाऊ घेतली असल्यास पहिल्या वर्षाचे व्याज १,२०,००० आणि दुरुस्ती ४०,००० धरता हाती ७०,४०० रुपये राहतात, ज्यातून मुद्दलाचा हप्ता अजून द्यायचा आहे. निम्मे भांडवल स्वतःचे असेल तर हीच शिल्लक १,३०,४०० होते.

आता तोच शेतकरी सहा कुट्या बांधतो. पायाभूत सोयी सामाईक असल्याने खर्च ३० लाख येतो. सुट्टीच्या त्याच ५२ रात्री सरासरी चार कुट्या जातात, कारण मागणी कुट्यांच्या प्रमाणात वाढत नाही; इतर दिवशी ६० मुक्काम. एकूण २६८ मुक्काम आणि शिल्लक ४,२८,८०० रुपये. व्याज ३,००,०००, दुरुस्ती १,००,०००, आणि आता कुटुंबाला काम झेपत नसल्याने १२,००० रुपये महिन्याचा एक कायम मजूर, म्हणजे १,४४,०००. वजाबाकी केली की १,१५,२०० रुपयांचा तोटा उरतो.

यापुढे जे घडते ते बहुतेक ठिकाणी सारखेच. रिकाम्या कुट्या भरण्यासाठी दर उतरतात, मग मोठे गट घेतले जातात, गटांना संगीत हवे असते, संगीतामागून मद्य येते. शांततेसाठी अधिक पैसे मोजणारा पाहुणा परत येत नाही. म्हणून बांधकामाचा आकार सुट्टीच्या गर्दीवरून ठरवू नये. मंगळवारी कोण येईल, हा खरा प्रश्न. लिखाण करणारे, दूरस्थ काम करणारे, निवृत्त दांपत्ये, वनस्पती व पक्षी अभ्यासक, शाळांचे छोटे गट हे आठवड्याच्या मधल्या दिवसांचे पाहुणे होत आणि त्यांना गोंगाट नकोच असतो.

निवासाहून शांतपणे वाढणारे उत्पन्न थेट विक्रीचे आहे. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने दिलेला इंद्रायणी तांदूळ ज्या खाचरात वाऱ्यावर डोलताना पाहुण्याने पाहिला, त्याच खाचराचा तांदूळ तो घरी नेतो आणि पुढील वर्षी फोन करून मागवतो. येथे प्रतवारी, वजन आणि स्वच्छ पिशवी यांत चूक होऊ देऊ नये. बाजार समितीतून आणलेला माल 'आमच्या शेतातला' म्हणून देणाऱ्याची गोष्ट एका पाहुण्याकडून शंभरांपर्यंत पोहोचते.

करार वाचल्याशिवाय सही नको

शहरातील गुंतवणूकदार जमीनमालकाकडे भागीदारीचा प्रस्ताव घेऊन येतो: जमीन तुमची, बांधकाम आमचे, नफा निम्मा. 'नफा' या शब्दाची व्याख्या करारात कोणती आहे, हे पाहणे अत्यंत महत्त्वाचे. जाहिरात, व्यवस्थापन शुल्क आणि घसारा वजा केल्यानंतर नफा उरतच नाही असे करार असू शकतात, आणि दहा-वीस वर्षांचा भाडेपट्टा झाल्यावर शेतकरी स्वतःच्याच जमिनीवर पगारी रखवालदार होतो. एकूण वसुलीच्या ठरावीक टक्क्यावर वाटा, दर महिन्याला आरक्षणाच्या नोंदी पाहण्याचा हक्क, पाण्याच्या स्रोतावर स्वतःचा ताबा आणि करार मोडण्याची स्पष्ट अट या चार गोष्टींशिवाय बोलणी पुढे नेऊ नयेत. महाराष्ट्रात आदिवासी शेतकऱ्याची जमीन बिगर आदिवासीकडे भाडेपट्ट्यानेही सोपविण्यास जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ नुसार पूर्वपरवानगी लागते. ती नसलेला करार गावातील कोणाच्या सांगण्यावरून करू नये.

उर्वरित कागदपत्रे थोडक्यात. शेतजमिनीवरील बांधकामाची परवानगी, अभयारण्य किंवा पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रातील निर्बंध, अन्नसुरक्षा नोंदणी आणि विमा हे प्रारंभीच पाहावे. पाहुण्यांच्या ओळखपत्रांची नोंदवही ठेवावी. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती २४ तासांत कळवावी लागते. निवास व भोजनाचे उत्पन्न हे शेती उत्पन्न नाही, त्यामुळे शेती उत्पन्नाची आयकर सूट त्याला मिळत नाही. दोन्हींची खाती वेगळी ठेवणे सोयीचे. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेल्यास, आणि काही विशेष राज्यांत १० लाखांच्या वर गेल्यास, वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते.

काजव्यांचे पंधरा दिवस

मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा, राजमाची आणि पुरुषवाडीच्या परिसरात झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकू लागतात आणि त्या पंधरा दिवसांत वर्षातील सर्वाधिक मागणी येते. याच दिवसांत सर्वाधिक नुकसानही होते. काजव्यांचा प्रकाश हा नर-मादीचा परस्परांना दिलेला संकेत असतो; गाड्यांचे दिवे, विजेऱ्या आणि कॅमेऱ्याचे झोत त्यात अडथळा आणतात. माद्या व अळ्या जमिनीलगत, ओलसर पालापाचोळ्यात असतात, त्या पायांखाली चिरडल्या जातात. ज्या शेतात कीटकनाशकांची फवारणी बेसुमार होते तेथे काजवे मुळातच विरळ. म्हणजे काजवे पाहायला येणारा पाहुणा नकळत त्या शेताच्या मशागतीचीच तपासणी करीत असतो. निवासाच्या वाटेवर गुडघ्याच्या उंचीचे, खाली झाकलेले पिवळे दिवे लावावेत, काजव्यांच्या दिवसांत तेही बंद ठेवावेत, गाड्या रस्त्यालगतच थांबवाव्यात आणि पाहुण्यांना ठरलेल्या पायवाटेने, लहान गटात, न बोलता न्यावे. हा नियम आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावा. काही जण तो वाचून आरक्षण रद्द करतील. त्यांनी तसे केलेलेच बरे.

विस्तार कार्यकर्त्याकडे अशा प्रकल्पाचा अर्ज आल्यास त्याने एक भेट भर पावसात आणि एक मे महिन्यात द्यावी. शक्य असेल तेथे पहिल्या वर्षी नवे बांधकाम न सुचविता, घराची पडवी किंवा जुना गोठा दुरुस्त करून, स्वच्छ शौचालय बांधून, महिन्याला दोन-तीन कुटुंबांना राहू द्यावे. त्या वर्षात एक साधी वही ठेवावी. तारीख, आलेली माणसे, आठवड्याचा वार, वापरलेल्या पाण्याच्या टाक्या, जेवणावरील खर्च, घरच्यांनी दिलेले तास, विकलेला शेतमाल, आलेली तक्रार. वर्ष सरल्यावर ती वही घेऊन घरातील सर्वांनी, स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीने तर आवर्जून, कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांसमोर बसावे आणि दुसऱ्या कुटीचा निर्णय त्या बैठकीत घ्यावा.